फरशीचा रोबो आणि वॉर्डातल्या मावशी

प्रश्न : आमच्या खानापुरातल्या छोट्या दवाखान्यात फरशी पुसणारा रोबो घ्यायचं चाललंय. मग मावशींना कमी करणार म्हणतात. ताई, हे बरोबर आहे का?
– एक परिचारिका

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. बेळगावात वॉर्डांची देखरेख करण्यात माझी उमर गेली, म्हणून ठामपणे सांगते. लांब, मोकळ्या कॉरिडॉरला यंत्र चांगलं. मोठ्या यंत्रात स्वच्छ आणि घाण पाण्याच्या टाक्या वेगळ्या असतात, बादलीतलं तेच गढूळ पाणी सगळीकडे फिरत नाही. पण खाटांखाली पिशव्या, चपला, सलाइनचे स्टँड. तिथं ते अडतं.

रक्त सांडलं तर त्यावरून यंत्र मुळीच नेऊ नका. हातमोजे घालून शोषक कागद टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं क्लोरीनचं जंतुनाशक) ओता, १० मिनिटं थांबा, मग पुसा. कागद संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. यंत्राला कुठलं जंतुनाशक चालतं ते आधी विचारा, हायपोक्लोराइटनं धातू गंजतो. टाक्या रोज रिकाम्या करून वाळवा, खानापूरच्या पावसात तर नक्कीच.

आणि खाटेचे कठडे, दाराच्या कड्या कोण पुसणार? फरशीपेक्षा हात तिथंच जास्त लागतात. मावशींचा वाचलेला वेळ त्या कामाला द्या, असं डॉक्टरांना स्पष्ट सांग.