पोटातलं इंजिन आणि मागची सीट

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. सहा वर्षं तिथल्या क्लबात ग्लायडिंग करतो. आता तिघा मित्रांबरोबर भागीत दोन सीटचं ग्लायडर घेतोय, इंजिन आत दुमडून ठेवता येतं असं. मी काळजी केली की म्हणतो, "आई, आता इंजिन आहे, आधीपेक्षा सेफ." हे खरं का? उन्हाळ्यात मी गेले की मला मागे बसवून फिरवायचंही म्हणतोय. वय ६२. जावं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काकू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : जा. पहिल्याचं उत्तर तुमच्या चिरंजीवांना आवडणार नाही.

मी हडपसरला शिकले, विंचवर. तारेने खेचून वर नेलं की घारी कुठे घिरट्या घालतायत ते शोधायचं; नाही सापडल्या तर पाच-सात मिनिटांत पुन्हा जमिनीवर. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत आले आणि आता तुमच्या मुलासारखीच श्वेबिश आल्बच्या डोंगरांवर उडते. ग्लायडरला इंजिन, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुरणपोळीला सॉस लावल्यासारखं वाटलं होतं. पण इथे ऊन मावळलं की थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, मरतात, आणि घर शंभर किलोमीटरवर असतं. मग कुणाच्या तरी शेतात उतरायचं, क्लबात फोन करायचा, मित्राने ट्रेलर घेऊन यायचं, पंख काढून त्यात भरायचे, रात्री अकराला घरी. ते टाळायला हे इंजिन. नुसतं परतण्यापुरतं छोटं इंजिन असतं त्याला जर्मन लोक 'हाइमकेअरहिल्फे' म्हणतात, म्हणजे घरी जायची मदत. नावातच सगळं आलं. मोठं इंजिन असेल तर ग्लायडर स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठतंही, ओढणारं विमान लागत नाही.

आर्कस एम हे त्यातलं नावाजलेलं. पंखांचा पसारा २० मीटर, आणि एक किलोमीटर उंची खर्चून साधारण ५० किलोमीटर जातं. म्हणजे कोल्हापूरवर एक किलोमीटर उंचावरून निघालात तर वारा शांत असताना सांगली येते, इंजिन न लावता. इंजिन तुमच्या पाठीमागे ग्लायडरच्या पोटात असतं. बटण दाबलं की दारं उघडतात आणि पंखा लावलेला खांब उभा राहतो. गोम इथेच आहे. तो खांब वर आला आणि इंजिन सुरू झालं नाही, तर एवढ्या गुळगुळीत यंत्राच्या पाठीवर छत्री उघडल्यासारखं होतं. पल्ला निम्म्याहूनही खाली येतो. सांगली सोडा, जयसिंगपूरच्याही बरंच अलीकडे तुम्ही जमिनीवर.

हे मी वाचून सांगत नाही. सात वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीला मागे मैत्रीण, पुढे मी, ढगांची सावली पसरलेली. चारशे मीटरवर ठरवलं, बास, आता इंजिन. खांब वर आला, स्टार्टर फिरला, इंजिन दोनदा फुरफुरलं आणि गप्प. पुन्हा तेच. मैत्रीण मागून शांतपणे म्हणाली, "शेत." कापणी झालेलं गव्हाचं शेत मी बटण दाबायच्या आधीच हेरून ठेवलं होतं, म्हणून हे आज लिहितेय. उतरल्यावर पाहिलं तर पेट्रोलचा कॉक बंद. आदल्या आठवड्यात टाकी भरताना मीच बंद केलेला! बाबांच्या स्कूटरवर वाढलेल्या मुलीने ही चूक करावी. शेतमालक ट्रॅक्टर घेऊन आला, उभ्या पंख्याकडे बघत म्हणाला, "मोटर तर आहे की तुमच्याकडे."

तर इंजिन सुरू होईपर्यंत ते नाहीच असं धरून उडायचं. अपघात बहुतेक वेळा इंजिनाने होत नाही, त्याच्या भरवशाने होतो. माणूस जंगलावर थोडा आणखी पुढे जातो, थोडा आणखी खाली येतो, मग घाईत बटणं आणि मागचा खांब दाखवणारा आरसा बघताना वेग विसरतो. मुलाला एवढंच विचारा : "इंजिन किती उंचीला काढतोस, आणि तेव्हा शेत ठरलेलं असतं का?" आकडा पटकन आला तर निर्धास्त राहा. "बघू तेव्हा" आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

इंजिनवाल्यांना खरे ग्लायडरवाले नाक मुरडतात, तेही ऐकून घेऊ नका. जर्मन ग्लायडरपटू क्लाउस ओलमान यांनी २१ जानेवारी २००३ ला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कडेने ३,००९ किलोमीटरचं उड्डाण केलं, ते निम्बस-४डीएममधून. दोन सीटचं, पोटात इंजिन असलेलं. फसवाफसवीला जागा नाही. उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र, लॉगर, इंजिनाचा आवाजही नोंदतं.

आता मागच्या सीटचं. पॅराशूट बांधतील, त्याने घाबरू नका, ती इथली रीत आहे. काचेचं झाकण आणि पट्टे कसे उघडायचे ते जमिनीवर दोनदा करून बघा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून निघा. मुलगा म्हणेल चार तास. तुम्ही म्हणा एक. ग्लायडर थर्मलमध्ये गोल गोल फिरतं, तेव्हा मोबाइलमध्ये बघितलंत की मळमळलंच समजा. लांब क्षितिजाकडे बघायचं. साडीऐवजी सलवार-कमीज, कडेला पट्टी नसलेली कापडी टोपी, आणि खिशात आलेपाकाच्या दोन वड्या. एक त्यालाही द्या.