दोन खेळांमधली वीस मिनिटं

(रिळांच्या जमान्यातलं पत्र)

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

1,200 खुर्च्यांच्या थिएटरचा मॅनेजर झालास आणि पत्रभर विचारलंस काय, तर कोणता सिनेमा चालेल! ते वितरकालाही ठाऊक नसतं. तुझ्या हातात आहे ती दोन खेळांमधली वीस मिनिटं.

हिशेब कर. दिवसाला चार खेळ. प्रत्येक वेळी बाराशे माणसं बाहेर पडणार, बाराशे आत येणार आणि मध्ये झाडू फिरणार. प्रत्येक बदलाला दहा मिनिटं जादा गेली, तर रात्रीचा खेळ अर्धा तास उशिरा सुरू होतो, आणि त्या वेळची पब्लिक आधीच चिडलेली असते. म्हणून बाहेर पडणारे आणि आत येणारे एकमेकांसमोर येता कामा नयेत. शेवटचं रीळ लागलं की बाल्कनीच्या जिन्याखाली आणि प्रत्येक दाराशी माणूस उभा कर. कड्या स्वतःच्या हाताने उघडून बघ. फुकटे घुसतात म्हणून चालू खेळात दाराला कुलूप लावायची मागणी डोअरकीपर करतील. ती कधीही मान्य करायची नाही. यात घासाघीस नाही.

प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये मात्र मॅनेजरकी गाजवू नकोस. 2,000 फुटांचं रीळ साधारण 22 मिनिटं चालतं. तेवढ्यात ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवतो, उजेडासाठी जळून आखूड होणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर सांभाळतो आणि पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर डोळा ठेवतो. तिथे पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू. सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका, की चित्र त्या मशीनवर. खाली बसलेल्याला काही कळत नाही, आणि न कळणं हीच त्याची कमाई. नेमक्या त्या वेळी केबिनचा फोन वाजवणारे मॅनेजर मी पाहिलेत. प्रिंट आली की फिल्मच्या कडेची फाटकी भोकं आणि कच्चे जोड तपासायला त्याला निवांत वेळ दे. शिट्ट्या निम्म्याने कमी होतील.

आवाजाचंही एक आहे. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरल्या हॉलला पुरत नाही, कारण माणसं आणि त्यांचे कपडे तो शोषून घेतात. खेळ सुरू झाल्यावर बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहा. तिथे संवाद कळला, तर सगळीकडे कळतो. उकाड्याचं तसंच. बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो, म्हणजे हाउसफुल खेळ ही 120 किलोवॅटची शेगडीच. लोक तक्रार करायला लागल्यावर हवा थंड करायला घेतलीस तर उशीर झालेला असतो. दारं उघडण्याआधीच हॉल गार हवा.

एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची वेळ आली, तर खेळांच्या वेळा मागेपुढे ठेव आणि रीळ नेणारा-आणणारा माणूस स्वतः निवड. तो वाटेत अडकला तर पडदा कोरा राहतो, आणि शिव्या तुलाच.

तिकिटांचे क्रमांक आणि रोजचा गल्ला रात्रीच जुळवून टाक. वितरकाचा वाटा त्याच आकड्यावर ठरतो.

तू पाठवलेल्या नकाशात बाल्कनीचा दुसरा जिना कुठे उतरतो ते दिसत नाही. तेवढं कळव. तोवर आगाऊ बुकिंगची खिडकी त्या बाजूला हलवू नकोस.