कुंडीतलं घरटं आणि आपला कॅमेरा

उन्हाळा लागल्यापासून आलेल्या पत्रांत बुलबुलाचेच प्रश्न जास्त आहेत. साहजिक आहे. माणसाच्या इतक्या जवळ येऊन संसार थाटणारे पक्षी मोजकेच, आणि घरात प्रत्येकाच्या हातात आता कॅमेरा आहे.

प्रश्न (पुणे): गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलंय. तीन अंडी आहेत. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत रोज एक फोटो काढायचा विचार आहे. मोबाइल किती जवळ न्यावा?

न्यायचाच नाही, हे आधी सांगतो. अंडी उबायला साधारण १४ दिवस लागतात आणि त्यानंतर १०-१२ दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. म्हणजे सगळं मिळून महिन्याच्या आतच आटोपतं. एवढ्या दिवसांत रोज एकदा आपण फांद्या बाजूला सारून डोकावलो, तर समोरच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला पत्ता सांगितल्यासारखंच होतं. कावळा माणसावर बारीक लक्ष ठेवून असतो. मांजर आणि भारद्वाज यांनाही हलवलेल्या फांद्यांमुळे वाट मोकळी होते.

काही वर्षांपूर्वी चांगला फोटो मिळावा म्हणून मी घरट्यासमोरची बोगनवेलीची एक फांदी दोऱ्याने मागे बांधली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्याची वाटी रिकामी होती. तो फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही, आणि तेव्हापासून घरट्याजवळची फांदी हलवलेली नाही.

पिल्लांना पिसं फुटल्यावर तर आणखीच सांभाळा. जवळ गेलात तर ती घाबरून दिवस भरायच्या आत खाली उड्या टाकतात. घरटं उचलून 'सुरक्षित' जागी ठेवायचा मोहही आवरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंड्यांना आणि घरट्यालाही संरक्षण आहे. कुंडीला पाणी घालायचं असेल तर आई-बाप दोघंही बाहेर असताना, बाजूने, हळूच घाला.

मग बघायचं कसं? खोलीतून, पडद्याआडून. खोलीतला दिवा बंद करा, काच पुसून घ्या आणि मोबाइल काचेला टेकवून धरा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंद, शटरचा आवाजही बंद. शेजारी वही ठेवा. कोण किती वेळाने आलं, चोचीत अळी होती की फळ, हे लिहीत जा. भरवून झाल्यावर बुलबुल लगेच उडत नाही. किंचित थांबतो. पिल्लू शेपटीकडचा भाग वर करतं, त्यातून पांढरी, ओलसर पिशवी बाहेर येते आणि ती चोचीत धरून तो लांब नेऊन टाकतो. पिल्लाची विष्ठा अशी बांधलेली येते, म्हणून घरटं कोरडं राहतं. हा क्षण पडद्याआडूनही स्वच्छ दिसतो. थांबावं मात्र लागतं.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या परसात दोन प्रकारचे बुलबुल येतात. एकाच्या गालावर लाल ठिपका आहे. तो नर का?

नाही, तो वेगळ्याच जातीचा, शिपाई बुलबुल. टोकदार उभा तुरा, पांढरे गाल आणि डोळ्यामागे लाल ठिपका. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा आखूड, अंग तपकिरी, त्यावर खवल्यांसारख्या फिकट कडा. उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा चमकतो. शेपटीखाली लाल रंग दोघांनाही असतो, आणि तिथेच फसगत होते. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो, हेही ध्यानात असू द्या. नर-मादी दोन्ही जातींत सारखेच दिसतात. रंगावरून ओळखू येत नाहीत.

प्रश्न (सांगली): गझलेतला बुलबुल तो हाच का?

नाही. फारसी काव्यातला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. तो निराळ्याच कुळातला पक्षी आहे. आपल्या बुलबुलाची शीळ छोटी असते, पण सकाळी ती ऐकून मला तरी उणीव कसलीच वाटत नाही.

प्रश्न (नागपूर): ३०० मि.मी. लेन्स घेतली, तरी फोटोत बुलबुलाचं डोकं म्हणजे नुसता काळा गोळा. डोळा दिसतच नाही.

दोष लेन्सचा नाही, उजेडाचा आहे. काळ्या डोक्यातला काळा डोळा दिसायचा तर त्यात उजेडाचा ठिपका हवा. म्हणून सकाळी सात ते नऊ, ऊन तुमच्या पाठीवर आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर. गच्चीवरून खाली किंवा अंगणातून वर, दोन्ही टाळा. मागे आभाळ असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ पर्यंत वाढवा. मागे गर्द पानं असतील तर वाढवू नका, कमरेवरचा पांढरा रंग जळतो. फोकसचा एकच बिंदू ठेवा, तोही डोळ्यावर. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटरवेग पुरतो.

अंतराचा हिशेबही करून बघा. फुल फ्रेम (३६ मि.मी. रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मि.मी. लेन्स लावली तर ५ मीटरवर चौकटीची रुंदी साधारण ६० सें.मी. भरते. बुलबुल २० सें.मी.चा, म्हणजे एक तृतीयांश चौकट. तेवढा पुरे. त्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याला तुमच्या जागी येऊ द्या. मातीच्या उथळ परळात बोटभर पाणी ठेवा, रोज बदला, आणि शेजारी एक वाळकी फांदी रोवा. पाण्यावर उतरण्याआधी तो तिच्यावर बसून इकडेतिकडे बघतो, तुमचा फोटो तोच. जागा असेल तर कढीपत्ता किंवा तुती लावा. दोन्हींची फळं त्याला आवडतात.

प्रश्न (ठाणे): एक बुलबुल रोज गाडीच्या आरशावर चोची मारतो. वेडा झालाय का?

आरशात त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा बुलबुल दिसतो. विणीच्या दिवसांत ही भांडणं थकेपर्यंत चालतात. गाडी लावली की आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. झुंजीचे फोटो काढण्यासाठी आरसा उघडा ठेवू नका.

प्रश्न (नाशिक): बुलबुलाचं पिल्लू अंगणात पडलंय, उडता येत नाही. घरात घेऊ का?

अंगावर पिसं असतील आणि पायावर उभं राहत असेल, तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालेलं आहे. नीट उडायला अजून काही दिवस लागतील, तोवर आई-बाप खाली येऊन भरवतात. मांजराला आणि कुत्र्याला आत घ्या, पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवा आणि मागे व्हा. हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे. उघडं, बिनपिसांचं पिल्लू असेल आणि घरटं सापडत असेल, तर सरळ घरट्यात ठेवा. दूध किंवा पाणी चोचीत घालू नका, ते श्वासनळीत जातं. तासभर लांबून बघा. आई आली तर काम झालं. जखम दिसत असेल किंवा कुणीच फिरकलं नाही, तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाला कळवा.