वर, वरती, चढणे, उंचावणे: कुठे काय वापरायचं?

वर आणि वरती बोलताना जवळपास सारखंच, त्यात डोकं लावू नका. फक्त माणसाबद्दल नुसतं 'ते वर गेले' म्हणू नका, मजला किंवा टेरेस काहीतरी जोडा, नाहीतर समोरचा दचकेल 😄

खरा घोळ चढणे आणि वर जाणे यात होतो. चढण्यात पाय, पकड, मेहनत हे सगळं येतं, म्हणजे जिना चढतो, येऊरचा चढ चढतो, वेल मांडवावर चढतो, पण लिफ्टने आपण वर जातो, लिफ्टने सातवा मजला चढलो असं कोणी म्हणत नाही, आणि धूर पण वरच जातो. लोकलमध्ये मात्र चढायचंच, ठाण्याला सकाळी चढून दाखवा म्हणजे मेहनत कळेल. शिवाय ताप चढतो, पारा चढतो, आवाज चढतो, भरतीला खाडीचं पाणी चढतं.

उंचावणे जरा लिखाणातलं, हात, भुवया, मनोबल यांच्यासाठी. घरात कोणी 'हात उंचाव' म्हणत नाही, 'हात वर कर' म्हणतात. सूर्य आधी उगवतो, मग वर येतो.

कोकणातली माणसं सह्याद्रीपलीकडे जायला 'वर घाटावर' म्हणतात, परत येताना खाली उतरतात, हे एकदम बरोबर, जमीनच तशी आहे. रेल्वेच्या अप-डाउनवरून मात्र दिशा शिकू नका, ठाण्याहून सीएसएमटीकडे समुद्राच्या बाजूला जाणारी गाडी अप, आणि कसारा घाट चढून नाशिकला जाणारी डाउन!