चाखून "छान आहे, घेऊ" म्हणतात, मग पुरण विकलं का जात नाही?

तुमच्या बचत गटाचं तयार पुरण बायका चाखतात, तोंडभर कौतुक करतात आणि होळीला पाकिटं पडून राहतात, असं तुम्ही लिहिलंय. भाव उतरवायची घाई करू नका.

१९५० साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांच्यापुढे इन्स्टंट कॉफीचं असंच कोडं होतं. का घेत नाही विचारलं की बायका चवीवर बोट ठेवायच्या. हेअर यांनी वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. सात जिन्नसांपैकी सहा सारखे, सातवा एकीत नेसकॅफे, दुसरीत मॅक्सवेल हाउसची दळलेली कॉफी. पन्नास-पन्नास जणींना एकेकच यादी दाखवून विचारलं, ही यादी करणारी बाई कशी असेल? नेसकॅफेवालीला ४८ टक्के जणींनी आळशी ठरवलं, दुसरीला फक्त ४ टक्क्यांनी.

तुम्हीही हे करून बघा. कणीक, तूप, दूध, बटाटे, कोथिंबीर, आमसूल या सहा ओळी दोन्ही याद्यांत ठेवा. सातवी ओळ एकीत "हरभरा डाळ व गूळ", दुसरीत "तयार पुरण". ती ओळ मधे कुठेतरी घाला, पहिल्या जागी नको, नाहीतर डाव उघडा पडतो. प्रत्येक यादीला निदान तीस जणी हव्यात आणि एकीला दोन्ही याद्या दाखवायच्या नाहीत. विचारणारी गटातली नको, कारण ओळखीत सगळे गोडच बोलतात.

उत्तरांत "आळशी", "नैवेद्याला विकतचं?", "सासू नसेल घरात" असं येऊ लागलं, तर अडसर चवीचा नाही, चारचौघांच्या नजरेचा आहे. अशा वेळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डरची यादी फिरवणं अंगाशी येतं. सुरुवातीला ऑर्डर खासगी मेसेजवर घ्या, बऱ्याच घरांत जायला लागल्यावर जाहीर बोला. शिवाय पोळी लाटणं-भाजणं पुरण घेणाऱ्या बाईच्याच हातात राहतं, तेच पाकिटावर ठळक लिहा. भाजणी विकत आणून घरी चकल्या पाडणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवत नाही. सोवळ्यात केलंय असा दावा मात्र खरा असेल तरच करा.

माणूस एखादी गोष्ट करेल की नाही हे कशावर ठरतं, याचं मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांनी १९९१ सालच्या लेखात मांडलेलं एक सूत्र आहे. त्यात स्वतःचं मत आणि इतरांची अपेक्षा यांच्याबरोबर तिसरी गोष्ट आहे: ते आपल्याला जमेल का. इथे बहुतेक जण एक साधी गोष्ट विसरतात. डाळ घरी शिजली नाही तर कट मिळत नाही, आणि कटाशिवाय आमटी कसली? ती वेगळी डाळ शिजवणार असेल, तर तुमचं पुरण घेऊन तिचं काम कितीसं वाचलं? म्हणून पुरणाबरोबर कटाची बाटलीही द्या. कट लवकर आंबतो, तेव्हा होळीच्या आदल्या दिवशीच काढा, थंड करा आणि त्याच संध्याकाळी पोचवा.

परदेशी पाठवायच्या फराळावरून होळीच्या पुरणाचा अंदाज बांधू नका. तिथे विकतचा डबाही "घरचा खाऊ" म्हणूनच उघडला जातो.