वाचकांचे प्रश्न : मोटरहोमसाठी सॅटनॅव्ह कोणता?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली साडेतीन टनांची जुनी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) नुकतीच घेतली. कागदावर उंची २.९ मीटर आहे. उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंडला जाणार आहोत. फोनवरचे गूगल मॅप्स पुरेल का? ओळखीतल्या एकांकडे ट्रकचा सॅटनॅव्ह (रस्ता दाखवणारे यंत्र) पडून आहे, तो चालेल का?

उत्तर : गूगल मॅप्सवर विसंबू नका. त्यात गाडीची उंची-रुंदी भरायची सोयच नाही, त्यामुळे ते तुम्हाला साध्या कारचा रस्ता दाखवणार. ट्रकचा सॅटनॅव्ह चालतो, पण मालवाहू गाड्यांना बंद असलेले रस्तेही तो टाळतो. तुम्हाला ते खुले असतात, म्हणजे वळसा फुकटचा. फलकावर लाल वर्तुळात लॉरीचे चित्र आणि टनांचा आकडा असेल, तर बंदी फक्त मालवाहू गाड्यांना. कमकुवत पुलाशी नुसता आकडा आणि ‘एमजीडब्ल्यू’ (सामानासकट गाडीचे कमाल वजन) लिहिले असेल, तर ती मर्यादा सगळ्यांना.

गार्मिन कॅम्पर, टॉमटॉम गो कॅम्पर किंवा स्नूपर व्हेंचुरा यांपैकी कोणताही घ्या. पडदा ७ इंचांहून लहान नको. मॉडेलपेक्षा त्यात भरलेले आकडे महत्त्वाचे, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. कागदावरची उंची कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते. नंतर बसवलेला एसी, सोलर पॅनेल, अँटेना तिच्यात धरलेला नसतो. गाडी सपाट जागी उभी करा, टायरची हवा बरोबर ठेवा. छतावरच्या सर्वांत उंच वस्तूवर सरळ पट्टी आडवी धरून दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत टेप लावा. जास्त येईल त्या मापात ५ ते १० सेंटिमीटर मिळवा. रुंदी आरशांसकट, लांबी सायकलच्या रॅकसकट. वजन मात्र गाडीच्या प्लेटवरचे कमाल वजन भरा, काट्यावरचे नव्हे. उंची फूट-इंचांतही लिहून सनव्हायझरला चिकटवा (३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच). पुलाखाली पोहोचल्यावर हिशेब सुचत नाही.

एवढे करूनही यंत्राला काही गोष्टी कळत नाहीत. पार्किंगच्या तोंडाशी लावलेला उंचीचा आडवा दांडा बहुधा नकाशात नसतो. चढाचेही तसेच. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पास या घाटाचा ३३ टक्के चढ आणि एका गाडीपुरता रस्ता तुमच्या मापात ‘बसतो’ म्हणून यंत्र खुशाल तिकडे नेईल. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसकडे जाणाऱ्या बेअलाख ना बा घाटाच्या पायथ्याशी मोठ्या गाड्यांनी जाऊ नये असा फलकच आहे. त्याऐवजी शील्डेग गावावरून किनाऱ्याने जा. खेड्यात एका पोस्टकोडमध्ये मैलभराचा परिसर येऊ शकतो, म्हणून कॅम्पसाइटचे अक्षांश-रेखांश भरा आणि शेवटचे दोन-तीन मैल साइटने दिलेल्या सूचनांप्रमाणे चला.

पडद्यावरची वेगमर्यादाही तपासून घ्या. रिकाम्या गाडीचे वजन ३.०५ टनांहून जास्त असेल, तर वस्तीबाहेर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्यावर ६०. काही यंत्रे कारचीच मर्यादा दाखवतात.

प्रश्न : आमची मोटरहोम ४.२५ टनांची आहे. हाच सॅटनॅव्ह फ्रान्समध्ये चालेल का?

उत्तर : चालेल, युरोपचा नकाशा असेल तर. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर नकाशा अपडेट करा. फाइल काही जीबींची असते, जुन्या यंत्राला मेमरी कार्ड लागते. स्पीड कॅमेऱ्यांची नेमकी जागा दाखवणारी सूचना बंद करा, फ्रान्समध्ये ती बेकायदा आहे. साडेतीन टनांवरच्या गाड्यांना २०२१पासून तिथे ‘अँगल मॉर’चे (चालकाला न दिसणाऱ्या बाजूंचा इशारा देणारे) स्टिकर दोन्ही बाजूंना आणि मागे लावावे लागतात.