'एकेरीवर येणे' की 'अरे-तुरे'? कोरियन मालिकांतल्या एका प्रसंगाबद्दल

एका वाचकाचा प्रश्न आहे: कोरियन मालिकांत ओळख जरा वाढली की नायक नायिकेला विचारतो, 'माल नोआदो द्वेयो?' मराठी सबटायटलमध्ये याला 'आपण एकेरीवर येऊ या का?' म्हटलेलं चालेल का?

या प्रसंगात मुळीच चालणार नाही. मराठी माणूस एकेरीवर येतो तो भांडणात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून वाजलं आणि 'अहो, ऐका तरी'चं 'तू कोण सांगणारा?' झालं, की आपण म्हणतो, गाडी एकेरीवर आली.

कोरियनमध्ये 'माल' म्हणजे बोलणं आणि 'नोथा' म्हणजे खाली ठेवणं, सोडणं. आदराची भाषा ती 'जोंदेन्माल', सलगीची ती 'बान्माल'. फरक असतो क्रियापदाच्या शेवटात. 'मॉगॉस्सॉयो?' म्हणजे 'जेवलात का?', त्यातला 'यो' गळला की झालं 'जेवलीस का?' या वाक्यात सर्वनाम कोरियनमध्ये नाही, आपल्यालाही लागत नाही, नुसत्या क्रियापदावरून नातं कळतं. इंग्रजीत मात्र दोन्ही वाक्यं एकच. त्यामुळे इंग्रजी सबटायटलवरून मराठी केलं, तर आपल्या भाषेत आयती असलेली सोय वाया जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा अख्खी प्रेमकथा त्या एका 'यो'वर वळण घेते.

मग म्हणायचं काय? नायक असेल तर 'तुला अरे-तुरे केलं तर चालेल?' किंवा सरळ 'तुला तू म्हणू?' वयाने लहान पात्र मोठ्याला सांगत असेल, तर आपल्याकडचं रोजचं वाक्य आहेच: 'मला अहो-जाहो नका करू, लहान आहे मी तुमच्यापेक्षा.' कोरियनमध्येही लहानाने मोठ्याला असं सांगायची रीत आहे. एवढंच की 'अरे-तुरे'लाही सूर असतो. 'मोठ्यांना अरे-तुरे करतोस?' हा दटावण्याचा आहे. शंका आली तर 'तू म्हण' हेच बरं.

'एकेरीवर येणे' अगदी टाकाऊ मात्र नाही. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' ही 2009 ची कोरियन मालिका घ्या. योको कामिओ यांच्या जपानी मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, ती झाली. त्याआधी 2001 मध्ये तैवानने आणि 2005 मध्ये जपानने तीच कथा मालिकेत आणली होती. कोरियन मालिकेतली नायिका गुम जान्दी श्रीमंत, उर्मट गु जुन्प्योला आडनावासकट पूर्ण नावाने, बान्मालमध्ये सुनावते. तिथे ती खरोखर एकेरीवर आलेली असते. जुन्प्योचा मित्र जीहू याला मात्र 'सन्बे' म्हणते, म्हणजे शाळेतला वरच्या वर्गातला. त्याच्याशी 'तुम्ही' ठेवलं आणि जुन्प्योशी 'ए, गु जुन्प्यो!' ठेवलं, की दोन नात्यांतला फरक काही न समजावता मराठीत उतरतो. तैवानी मालिकेत ही सोय कमी, कारण चिनी क्रियापद असं बदलत नाही आणि मुलं एकमेकांना 'नी' म्हणजे 'तू'च म्हणतात. तिथे हाक मारायच्या नावाकडे लक्ष ठेवावं.

उलटा प्रवासही होतो. बान्मालमध्ये बोलणारी जोडी बिनसल्यावर एकदम 'यो' लावू लागते. तिथे अनुवादकाने कचरू नये, आपल्याकडेही रागावलेलं माणूस 'तुम्ही'वर जातं. 'कळलं मला. या आता तुम्ही.'